आधी सळई उघडी करा

हे लिहिणारा इंजिनिअर नाही, लेखक तर नाहीच नाही. मी छिन्नीवाला. बावीस वर्षं या मुंबईत परांचीवर लटकून मोडक्या इमारती ठोकतोय. फुगलेला बीम असो, पोट सुटलेला कॉलम असो, हातोडीनं टकटक केलं की आतलं सांगतो. भरीव असेल तर खण्ण वाजतं. सुटलेलं असेल तर डबडब. इंजिनिअर खाली उभा राहून वहीत लिहितो ते माझ्या कानाचं ऐकून. रिपोर्टवर सही त्याची असते.

एका जूनच्या रात्री आमच्या खोलीतला स्लॅबचा तुकडा आईच्या खांद्यावर पडला. परातीएवढा. खांद्याचं हाड मोडलं. ज्या हातानं तिनं तीस वर्षं बिगारी करून घमेली उचलली, तो हात आता वेणी घालायला वर जात नाही. नात घालते तिची वेणी.

आता खरी गोष्ट सांगतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. त्या स्लॅबची दुरुस्ती दोन वर्षांपूर्वीच झाली होती. कागदावर 'काम पूर्ण' असा शिक्का आहे. आणि ते काम मी केलं होतं. आमच्याच चाळीचं काम आमच्याच टोळीला मिळालं म्हणून तेव्हा मी खूश होतो.

मुकादम म्हणाला, "लय खोल जाऊ नको. सुटलंय तेवढं पाड, गिलावा मार, वरून चुना. परवा बिल टाकायचंय." सळई मला दिसत होती. करंगळीएवढी होती ती काडीएवढी राहिली होती. नखानं ओढली तर गंजाचे पापुद्रे निघत होते. मी बघितलं. आणि गिलावा मारला. माझ्याच घरात, माझ्याच आईच्या डोक्यावर. का? तर रोज बुडू नये म्हणून.

तेव्हा हा लेख म्हणजे माझा कबुलीजबाब आहे. पण एकट्यानं कबूल होऊन गप्प बसणाऱ्यातला मी नाही. ज्यांनी ज्यांनी हे करायला लावलं त्या सगळ्यांना पिंजऱ्यात ओढणार आहे.

गंज म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही. आपण काँक्रीट कालवायचं, वाहायचं, फोडायचं. ते का फुटतं हे मात्र दुसऱ्यांनी जाणायचं, अशी वाटणी आहे. ही वाटणी कुठून आली ते या पानांच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच बारा-तेराच्या घरात. त्या अल्कात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि सळई सुरक्षित राहते. पण हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वर्षानुवर्षं मिलिमीटर मिलिमीटर आत शिरतो आणि हा अल्क मारत जातो. पीएच नऊच्या आसपास उतरला की सळईचं कवच गेलं. त्यात मुंबईचा खारा वारा आणि बांधताना न धुता वापरलेली खाडीची रेती. मीठ तर ते कवच थेट भोकं पाडून फोडतं. मग पाणी आणि हवा मिळाली की गंज. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून घेतो. आधी सळईच्या रेषेत बारीक चीर पडते, मग फुगवटा येतो, मग एका रात्री तुकडा खाली येतो.

आई दवाखान्यात होती तेव्हाची गोष्ट. माझी पोरगी बारावीला सायन्सला आहे. वरचं भगदाड बघून म्हणाली, "पप्पा, कॉलेजच्या लॅबमधून फिनॉल्फ्थॅलीन आणू का?" मॅडमना विचारून छोट्या बाटलीत घेऊन आली. मी छिन्नीनं ताजं काँक्रीट फोडलं, तिनं थेंब टाकले. काँक्रीट जिवंत असेल तर गुलाबी होतं, मेलेलं असेल तर रंग येत नाही. सळईपर्यंत रंग आला नाही. सळईच्या मागे बोटभर आत गेलो तेव्हा कुठं गुलाबी झालं. पोरगी काही बोलली नाही. वर बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

च्यायला, एवढीशी चाचणी! शाळकरी पोरं करतात. बावीस वर्षांत एकाही साइटवर कुणी ती आम्हाला समजावून सांगितली नाही.

खरी दुरुस्ती कशी असते? आधी खाली टेकू. टेकू न लावता बीम फोडणं म्हणजे खून. मग मेलेलं काँक्रीट सळईच्या मागे बोट शिरेल इतकं काढायचं. सळई सगळ्या बाजूंनी घासून लोखंड चकचकीत दिसलं पाहिजे. झिजून पाव हिस्सा गेला असेल तर जोडीला नवी सळई बांधायची. त्यावर गंजरोधक लेप, मग जुनं-नवं जोडणारा लेप, मग पॉलिमरचा मसाला थराथरानं दाबून. कॉलम फारच गेला असेल तर नव्या सळ्यांचं जाळं बांधून भोवती काँक्रीटचा अंगरखा. वर दिवसांमागून दिवस पाणी मारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिथून पाणी मुरतं ते बंद करायचं. गच्ची गळती ठेवून खाली मसाला भरणं म्हणजे उघड्या नळाखाली फरशी पुसणं. खारट काँक्रीट अर्धं ठेवून मध्येच ठिगळ लावलं, तर त्या ठिगळाच्या काठावर गंज उलट जोरात धरतो. म्हणजे अर्धी दुरुस्ती ही शून्य दुरुस्तीपेक्षा वाईट. आमच्या चाळीत नेमकी तीच झाली. एकदा नाही, माझ्या आठवणीत चार वेळा.

आता पांढरपेशे काय म्हणतात? "या लोकांना राहायचीच अक्कल नाही. पाणी सांडतात, मोरी फोडतात, इमारत सडवतात." एका मोठ्या सोसायटीत तीन महिने बीम दुरुस्त करत होतो, तिथल्या एका साहेबांनी हे मला तोंडावर ऐकवलं. आधी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग लिफ्ट वापरू नको म्हणाले. ज्यानं डोक्यावरचा बीम सावरायचा, त्यानं जिन्यानं जायचं.

त्या साहेबांना माझं उत्तर असं. खारा वारा जात बघत नाही. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती १९३० च्या दशकात सळई-काँक्रीटच्याच उभ्या राहिल्या, अगदी समुद्राच्या तोंडावर. २०१८ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हटलं. त्याच वारशात राजाबाई टॉवर आहे, १८७८ साली पुरा झालेला. २०१५ पर्यंत त्याची दुरुस्ती झाली. अशा दगडी वास्तूच्या सांध्यात सिमेंट भरायचं नाही, चुनाच भरायचा, हे जाणकार छातीवर हात ठेवून सांगतात. का? सिमेंट ओल कोंडून धरतं, मग दगडाच्या अंगातच मिठाचे खडे होतात आणि दगडाची कातडी सुटते. चुना श्वास घेतो. बरोबर आहे त्यांचं! दगडाला श्वास लागतो हे कळलेल्या शहराला एकशे साठ चौरस फुटात सात माणसं श्वास कसा घेतात हे कळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि आमच्या बाजूला? वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. म्हणजे मरीन ड्राइव्हच्या आधीच्या, आणि त्याही सळई-काँक्रीटच्याच. माल तोच, वारा तोच. शंभर वर्षं त्यांनी गिरणी कामगार, सफाई कामगार, गावकुसाबाहेरून आलेली आपली माणसं अंगावर झेलली. तेव्हा फरक मालात नाही. फरक आहे तो वेळेवर कुणाची सळई उघडी केली जाते आणि कुणाच्या सळईवर गिलावा मारला जातो, यात.

वयाचंही थोतांड ऐकू नका. २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडला महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची वसाहत पहाटे कोसळली. ६१ माणसं गेली. ती इमारत शंभर वर्षांची नव्हती, जेमतेम तिशीतली होती. शहराची सेवा करणारी माणसं झोपेत गाडली गेली.

दोस्तांनो, आपल्याला दोन खोट्या गोष्टी सांगितल्या जातात. पहिली: "दुरुस्ती झाली." ही चाळीस वर्षं सांगतात, गिलावा मारून, बिलं काढून. दुसरी: "आता दुरुस्ती होऊच शकत नाही." ही एका सकाळी सांगतात. भिंतीवर 'अतिधोकादायक, सी-१' अशी पाटी लागते, वीज-पाणी तोडतात, पोलीस येतात, आणि आपण भांडीकुंडी घेऊन संक्रमण शिबिरात. तिथं पोरांची लग्नं होतात, नातवंडं होतात. या दोन्ही खोट्यांच्या मध्ये खरी दुरुस्ती होती. ती कुणाला नको होती, कारण तिच्यात ना फुकटचं बिल निघतं, ना मोकळी जमीन.

कुणी म्हणेल, नवीन घराला तुझा विरोध का? नाही रे बाबा. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या. त्या चाव्या बघून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. काही इमारती खरंच दुरुस्तीपलीकडं जातात, त्या पाडल्याच पाहिजेत. पण टॉवरही सळई-काँक्रीटचाच आहे. समुद्र तिथंच आहे. तीस वर्षांनी त्या उंचीवर टकटक करायला कोण चढणार, परांचीचा खर्च कोण देणार, आणि आतलं काय ते आपल्याला कोण खरं सांगणार? घर बदललं आणि अज्ञान तेच राहिलं, तर नातवंडांच्या अंगावर पुन्हा तुकडा पडेल. तो फक्त जास्त उंचावरून पडेल.

थोडं आपल्या लोकांनाही. पोटमाळ्यासाठी बीमला भोकं कोण पाडतं? आपणच. गच्ची गळते म्हणून कोब्यावर कोबा, कोब्यावर कोबा चढवून मेल्या स्लॅबवर वजन कोण टाकतं? आपणच. आणि निवडणुकीआधी पुढाऱ्यानं दर्शनी भिंत निळी रंगवून दिली की त्याला हार कोण घालतं? रंगाखाली डबडब वाजत असताना हार घालणारा हात माझाही होता.

आणि परांचीवरच्या भावांचं काय? नाक्यावर मराठवाड्यातून आलेले आपले, वडार, बेलदार, बिहार-यूपीचे, सगळे एका बांबूवर. ग्राइंडर लावला की काँक्रीटची धूळ छातीत जाते. ती सिलिकाची धूळ, फुप्फुसं दगड करते. तोंडाला काय? रुमाल. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला. नोंदणीला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागायचा. बावीस वर्षं काम केलं, नव्वद दिवसांचा दाखला एकाही ठेकेदारानं दिला नाही.

म्हणून आता विनंती-अर्ज पुरे. मुंबईच्या कायद्यात तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी सक्तीची आहे. ती होऊ द्या, पण आपल्या डोळ्यांदेखत. प्रत्येक चाळीनं हे ठरवावं:

एक. तपासणीचा रिपोर्ट मराठीत, चाळीच्या फळ्यावर. सळई कुठं किती झिजली ते आकड्यांत.

दोन. फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब आपल्या पोरांनी टाकायचा, साहेबांनी बघायचं.

तीन. टेकू लागल्याशिवाय छिन्नी लागणार नाही.

चार. चकचकीत सळई चाळीतल्या बाया-माणसांनी बघितल्याशिवाय, तिचा फोटो काढल्याशिवाय, गिलाव्याचं घमेलं जिना चढणार नाही.

पाच. परांचीवरच्या माणसाला पट्टा, मास्क, धूळ बसवायला पाणी आणि कामाचा दाखला. नसेल तर काम बंद.

आणि छिन्नीवाल्या भावांनो, सहावी गोष्ट फक्त आपल्यासाठी. मुकादम "गिलावा मार" म्हणाला आणि सळई काडी झालेली दिसली, तर हात थांबवायचा. एकट्याचा थांबला तर त्याला हाकलतील, म्हणून सगळ्यांचे एकदम थांबले पाहिजेत. मी एकदा थांबवला नाही. त्याचा हिशोब माझ्या घरात रोज सकाळी होतो, आई नातीपुढं पाठ करून बसते तेव्हा.

गेल्या महिन्यात मी आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीचा स्लॅब वाजवून बघितला. पोरगी खडूनं खुणा करत मागं. वीस खोल्यांपैकी तेरांत डबडब. तेराही खोल्यांवर खडूचे गोल आहेत. ते पुसायला कुणी चुन्याची बादली घेऊन येईल, तेव्हा त्याला जिन्यातच अडवायचं, असं मजल्याच्या बैठकीत ठरलं आहे.

तुमच्या चाळीतही हातोडी असेल. उचला. वाजवा. ऐका.

जय भीम!