वेगाची उपासना
१ मे १९५५ रोजी इटलीतील ब्रेशियाहून निघून, रोमला वळसा घालून परतणारी सुमारे १,६०० किलोमीटरांची ‘मिल्ले मिलिया’ शर्यत स्टर्लिंग मॉसने मर्सिडीज ३०० एसएलआर गाडीतून १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली, तेव्हा शेजारी बसून, आगाऊ टिपलेले प्रत्येक धोक्याचे वळण कागदाच्या गुंडाळीवरून पाहून हाताच्या खुणांनी त्यास कळविणारा डेनिस जेन्किन्सन हा पेशाने पत्रकार व वृत्तीने निस्सीम शर्यतप्रेमी होता. मोटारशर्यतींच्या छंदाविरुद्धची तक्रार सर्वस्वी गैरवाजवी नव्हे; १९५७ च्या भीषण अपघातात प्रेक्षकही बळी पडल्यावर ही शर्यत सरकारी हुकुमाने बंद झाली. तथापि ज्या उत्साहाच्या मुळाशी इतका चोख व्यासंग असतो, त्यास केवळ उनाड शौक म्हणणे आम्हांस मान्य नाही. प्रस्तुत अंक त्या व्यासंगी रसिकांस सादर आहे.