पाळक तुमचा, धान्य आमचे

मार्च १५२५. दक्षिण जर्मनीतल्या मेमिंगेन शहरात बंडावर उठलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांची बारा कलमे तयार झाली. ती लिहून काढली झेबास्टियान लोट्झर याने. हा फरचे कपडे शिवणारा कारागीर. शेतकऱ्यांच्या मागण्या म्हटल्यावर वेठबिगार आली, जंगलातले लाकूड आले, ओढ्यातली मासळी आली. ते सगळे या कलमांत आहेच. पण सुरुवात त्याने होत नाही. पहिले कलम म्हणते, आमचा पाळक आम्ही गावाने निवडायचा, आणि तो नीट वागला नाही तर आम्हीच त्याला काढायचा.

हे त्यांना आपसूक सुचलेले नव्हते. पाचच वर्षांपूर्वी मार्टिन ल्यूथरने जर्मन सरदारांना उद्देशून पुस्तिका लिहिली होती, तीही सर्वांना कळावी म्हणून जर्मनमध्ये. बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण याजकच आहे. चांभार, लोहार, शेतकरी आणि बिशप यांची कामे वेगळी, पायरी एकच, असे तिने स्वच्छ सांगितले होते. १५२३ मध्ये लाइसनिग गावासाठी त्याने आणखी एक पुस्तिका काढली. शिकवण पारखण्याचा, शिक्षक नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार मंडळीचा, हे तिच्या शीर्षकातच होते. मेमिंगेनकरांनी गुरूचा शब्द खरा मानला, इतकेच.

आता दुसरे कलम पाहा. खरी गोम तिथे आहे. धान्याचा दशमांश आम्ही खुशीने देऊ, असे शेतकरी म्हणतात. त्यातून आम्ही निवडलेल्या पाळकाचा चरितार्थ चालावा. उरेल ते गावातल्या गोरगरिबांना द्यावे. त्यातूनही उरले तर राखून ठेवावे. उद्या लढाईची पट्टी बसली तर ती गरिबाच्या मानेवर नको. दशमांशाचा हक्क कोणी गावाकडून रीतसर विकत घेतला असेल, तर त्याच्याशी वाजवी तडजोड करू, हेही लिहिले आहे. गुरांवरचा दशमांश मात्र बंद. दंगेखोरांचा मजकूर असा असतो? हा तर ग्रामसभेचा ताळेबंद झाला.

ल्यूथरचे उत्तर एप्रिलमध्ये आले. पहिले कलम त्याला तत्त्वतः मान्य होते. पुढे अटी होत्या. चर्चची मालमत्ता राज्यकर्त्यांकडून आलेली असेल, तर आधी त्यांच्याकडे नम्रपणे पाळक मागा. ते देत नसतील तर स्वतः निवडा, पण पोसा स्वतःच्या पैशाने. तोही त्यांना खपला नाही, तर त्या पाळकाने दुसरे गाव गाठावे आणि ज्यांना त्याच्यामागे जायचे त्यांनी जावे. दुसऱ्या कलमाला मात्र त्याने सरळ चोरी आणि वाटमारी ठरवले.

म्हणजे याजकपण देवाने फुकट दिले, पण वापरायचे तर दशमांश दोनदा भरा. एकदा धन्याच्या कोठारात, एकदा आपल्या पाळकाच्या घरी. वेठीने वाकलेल्या कुळाला हे कुठून परवडणार? ल्यूथरला हे कळत नव्हते, असे म्हणवत नाही. शेतकऱ्याचा नातू तो.

मे महिन्यात बंडखोरांवर त्याने जे जळजळीत पत्रक काढले, त्याबद्दल त्याला सगळेच दोष देतात. आमचा आक्षेप एप्रिलच्या त्या थंड उत्तराला आहे. पत्रक रागाच्या भरात लिहिले म्हणून सोडून देता येते. एप्रिलचे उत्तर हिशेब करून लिहिलेले आहे. त्यात त्याने सरदारांनाही झोडपले, हे खरे. पण झोडपणे वेगळे आणि कोठाराची किल्ली काढून घेणे वेगळे. किल्लीला त्याने हात लावला नाही.

हक्क मंडळीचा आणि किल्ली दुसऱ्याकडे, ही अडचण एकट्या जर्मनीची नाही. अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन ज्या पंथाचे, त्या पंथात मंडळीची स्वायत्तता हेच मुख्य सूत्र. तरीही रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा मिशनच्या पगारावर पाणी सोडले. पगार आणि दरबार एकत्र नांदणार नाहीत, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

मेमिंगेनच्या शेतकऱ्यांना ही सोयही नव्हती. सोडायला पगार नव्हता, भरायला दशमांश होता. १५२५ च्या उन्हाळ्यात सरदारांच्या फौजांनी बंड चिरडले आणि बारा कलमे दप्तरात गेली. १५२७ पासून ल्यूथरच्या सॅक्सनीत गावोगावच्या पाळकांची परीक्षा घ्यायला तपासनीस फिरू लागले. त्यांना नेमले होते तिथल्या राज्यकर्त्याने.