लॉगिन होतं, यादी येत नाही
एफटीपीचं दुखणं ठरलेलं. लॉगिन होतं, पण फायलींची यादी मागितली की सगळं ढिम्म. लोक पासवर्ड बदलायला धावतात. तो बिचारा निर्दोष असतो. अभय भूषण यांनी १९७१ साली हा प्रोटोकॉल मांडला. हुकूम एका जोडणीवर, माल दुसरीवर, ही रीत फायरवॉल नसलेल्या काळात रुळली. आज २१ नंबरचं पोर्ट उघडं असतं, मालाची वाट बंद. लॉगमधली २२७ ची ओळ, म्हणजे पॅसिव्ह मोडमध्ये मालासाठी कुठे जोडायचं हे सांगणारं सर्व्हरचं उत्तर, वाचा. १९२,१६८,१,५,१९५,८० दिसलं, तर सर्व्हर बाहेरच्याला आतला पत्ता देतोय. शेवटचे दोन आकडे म्हणजे १९५ गुणिले २५६ अधिक ८०, पोर्ट ५००००. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता घाला, पॅसिव्ह पोर्टांची रेंज ठरवा, फायरवॉलमध्ये तेवढीच उघडा. त्याऐवजी एसएफटीपी घेतलं तर एकटं २२ नंबरचं पोर्ट पुरतं, पण जुन्या मशीनला हात लावायला कोण तयार आहे?