कसोटीवांचूनचा कस

आमचा धाकटा नातू परवां पार्क मैदानावरून आला तो जेवलाच नाहीं. जिल्ह्याच्या संघांत तो खेळतो; परंतु वरच्या संघांत त्याची निवड झाली नाहीं. "इतकीं वर्षें फुकट गेलीं," असा निकाल घरांतील वडीलधाऱ्यांनीं देऊन टाकला. मला मात्र कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आठवले.

१९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास रणजी करंडकाच्या सामन्यांत महाराष्ट्रातर्फे त्यांनीं काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तत्कालीन विश्वविक्रम मोडण्यास अवघ्या १० धावा उरल्या होत्या. इतक्यांत प्रतिपक्षाच्या कर्णधारानें खेळण्याचें नाकारून सामनाच सोडला! प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील भारतीयाची ती सर्वोच्च खेळी अद्यापि अबाधित आहे. तथापि अधिकृत कसोटीचें बोलावणें निंबाळकरांना कधींच आलें नाहीं. तरीहि होळकर, बडोदा, रेल्वे अशा संघांकडून ते वर्षानुवर्षें खेळत राहिले. २०१२ सालीं ते निवर्तले. त्यांचें आयुष्य फुकट गेलें, असें कोण म्हणेल?

निवड परक्याच्या हातीं असते, साधना आपल्या. मुलांना खोटी आशा दाखवूं नये हें खरें; पण त्यांच्या निष्ठापूर्वक श्रमांना 'फुकट' हा शब्दहि लावूं नये.

ही हकीकत मीं नातवास सांगितली. तो कांहीं बोलला नाहीं. पण दुसरे दिवशीं पहांटे बॅट घेऊन निघाला, तेव्हां दाराची कडी मींच काढून दिली. अभ्यास चुकवावयाचा नाहीं, एवढी अट मात्र घातली आहे.