भेकडांची गोळी

“व्यासपीठावर चढण्यापूर्वी गोळी घेतो? भेकड लेकाचा!” असे हिणवणाऱ्या शूरवीरांशी माझे भांडण आहे. जेम्स ब्लॅक यांना ज्या संशोधनाबद्दल १९८८ साली नोबेल मिळाले, त्यातलीच ही प्रोप्रानोलॉल. ती अक्कल देत नाही, पाठांतर देत नाही. घाबरल्यावर उसळणारे अ‍ॅड्रिनॅलिन काळजावर चाबूक ओढते, तो तेवढा अडवते. धडधड, कंप उतरतो. भाषण ज्याचे त्यालाच करावे लागते! २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या नेमबाजाची दोन पदके हिच्यापायी गेली, ती रास्तच गेली. तिथे स्थिर हात हीच विद्या. वक्तृत्वात कसली आली लबाडी? मात्र शेजारणीच्या डबीतली गोळी पोराला चारणाऱ्या मातोश्रींनो, दमेकऱ्याचा श्वास ती कोंडू शकते. डॉक्टर काय पेढे वाटायला बसलेत?