खोकल्याला घाईने नाव देऊ नका

पावसाळा लागला की लोणावळ्यापासून वडगावपर्यंत मावळातल्या घराघरांत खोकला ऐकू येतो. ओल, धुके, चुलीचा धूर, कारणे समोरच असतात. मग दादीजानचा खोकला म्हणजे दमा, असे आपण घरीच ठरवून टाकतो. सगळा खोकला दम्याचा नसतो, हे सांगण्यासाठी आज आम्ही एका दुर्मीळ आजाराची ओळख करून देत आहोत.

आपल्या श्वासनलिकेला कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची कडी असतात. ती मागच्या बाजूने उघडी असतात. या आजारात नलिकेच्या अस्तराखाली, पुढच्या आणि बाजूच्या भिंतींवर, हाडासारख्या टणक बारीक गाठी येतात. मागच्या भिंतीत कूर्चा नसते, म्हणून ती बहुधा मोकळी राहते. वैद्यकीय नाव लांबलचक आहे: ट्रॅकिओब्रॉन्कोपॅथिया ऑस्टिओकॉन्ड्रोप्लास्टिका. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल विल्क्स यांनी १८५७ साली क्षयाने दगावलेल्या एका माणसाच्या श्वासनलिकेत अशा गाठींची नोंद केली. कारण अजून उलगडलेले नाही.

हा कर्करोग नव्हे आणि तो एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. बहुतेकदा पन्नाशीनंतर आढळतो, वाढतोही सावकाश. अनेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना मात्र जुनाट खोकला, धाप, वारंवार छातीचा संसर्ग किंवा थुंकीतून रक्त येते. इथेच घोटाळा होतो. दम्याचा पंप वर्षानुवर्षे चालतो, पण गाठींनी अरुंद झालेली वाट पंपाने रुंद होत नाही. सीटी स्कॅन आणि दुर्बिणीच्या तपासणीत खरे काय ते दिसते.

तरीही पहिली शंका क्षयाचीच घ्यावी, कारण तो आपल्याकडे सर्रास आढळतो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर सरकारी आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. ही तपासणी मोफत आहे. लोक काय म्हणतील म्हणून घरातल्या सुनेचा खोकला लपवू नका. औषधाने फरक पडत नसेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. पुण्यात औंधला सरकारी उरो रुग्णालय आहे.

आणि या गाठींचे निदान झालेच, तर ती फाईल जपून ठेवा. पुढे कोणतेही ऑपरेशन ठरले तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी दाखवा. भूल देताना घशातून घातलेली नळी या गाठींना अडू शकते.

दुआ तर करूच, पण दवा कशाची घ्यायची, हे तपासणीनंतरच ठरू द्या.