अण्णांनी माळ घातली तेव्हा

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमानंतर हॉल आवरताना आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एका तरुण जोडप्याने मला विचारलं, "काका, आम्हाला मांसाहार सोडायचाय. सुरुवात कशी करायची?" मी दोन पदार्थांची नावं सांगितली आणि खुर्च्या उचलायला गेलो. घरी जाताना मात्र तो प्रश्न मनातून जाईना. ज्या गावात मी जन्मलो तिथे याचं उत्तर घरोघरी माहीत होतं, आणि तरी स्टुटगार्टजवळ राहून ते मला स्वतःला सापडायला बरीच वर्षं लागली. त्या दोघांना तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आता सविस्तर सांगतो.

माझं गाव कुरुळी, तालुका खेड. पुणे-नाशिक रस्त्याने मोशी ओलांडून चाकणकडे निघालं की लागतं. आज ते लोकांना कंपन्यांच्या पाट्यांमुळे माहीत आहे. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये, आमच्या शेजारच्या निघोजे-महाळुंगे शिवारात. त्याआधी तिथे बाजरी, ज्वारी आणि कांदा होता. आणि एका हाताला देहू, दुसऱ्या हाताला आळंदी ही कधीपासूनच होती. त्यामुळे आमच्याकडे 'शाकाहारी' हा शब्द क्वचितच कानावर यायचा. लोक म्हणायचे, "त्यांना माळ आहे," किंवा "त्यांना माळ नाही." 'शाकाहारी' आणि 'माळ आहे' या दोन बोलींत मोठा फरक आहे. शाकाहारी माणूस जन्मानेच तसा असतो असं आपण बहुतेक वेळा गृहीत धरतो. माळकरी मात्र माणूस होतो. त्याला आदला दिवस असतो आणि दुसरा दिवस असतो.

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पन्नाशीत माळ घातली. तोवर जत्रेच्या मटणाचं वाटण पाट्यावर किती बारीक व्हावं हे सांगणारे तेच. कार्तिकीला ते गावच्या दिंडीबरोबर आळंदीला गेले, इंद्रायणीत स्नान केलं आणि एका ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून तुळशीची माळ गळ्यात घालून घेतली. वशाट खायचं नाही, दारूला शिवायचं नाही, खोटं बोलायचं नाही, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा, वर्षाला वारी चुकवायची नाही. मांसाहार सोडणं हे त्यातलं एक कलम होतं, आणि ते बाकीच्या कलमांच्या आधाराने उभं होतं.

ते परतले तोवर आळीला कळलेलं होतं. त्यानंतर कुणाकडेही जेवायला गेलं की घरची बाई आधीच सांगायची, "अण्णांचं पिठलं वेगळं टाकलंय." मी त्यांना 'मी खात नाही' असं कुणाला समजावताना कधी पाहिलं नाही. ते काम माळ करायची. आग्रह झालाच नाही, म्हणून नकार द्यावा लागला नाही. नव्याने सोडणाऱ्या माणसाचा जीव सगळ्यात जास्त कशात जातो, तर या रोजच्या नकारात. अण्णांचं ते ओझं गावाने उचललं होतं.

घरात मात्र मटण बंद झालं नाही. आई आमच्यासाठी परसातल्या चुलीवर शिजवायची; पातेलं वेगळं, पळी वेगळी. अण्णा मटण आणायला जायचे नाहीत, पण आमच्या ताटाकडे बघून त्यांनी कधी तोंडही वाकडं केलं नाही. एकदा शेतात त्यांच्या माळेचा दोरा तुटला. मणी गोळा करून ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. आईने ओवायला सुईदोरा दिला आणि तीही तोवर जेवली नाही. तिच्या गळ्यात माळ नव्हती.

आता माझी गोष्ट. इथे आल्यावर काही वर्षांनी, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा दाखवल्यावर, मी एका एक जानेवारीपासून मांस सोडायचं ठरवलं. कुणालाच सांगितलं नाही. ताटातून मांस काढलं आणि त्या जागी चीज, बटाटा आणि गोठवलेला पिझ्झा आला. जिथे जेवायचो त्या कँटीनच्या भाजीच्या सूपमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघाले, ते अर्धा वाडगा संपल्यावर समजलं. तिसऱ्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाला पुढे आलेली बशी मी घेतली आणि तो विषय तिथेच संपला. त्या वेळी मी स्वतःच्या मनोबलाला दोष दिला. आज तसं वाटत नाही. अण्णांचं मनोबल माझ्यापेक्षा फार वेगळं होतं असं नव्हे. त्यांच्यामागे दिंडी होती आणि आईचं स्वयंपाकघर होतं. माझ्यामागे यातलं काहीच नव्हतं. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की मांसाहार सोडणं एकट्याने करायची गोष्ट नाही, आणि निश्चयाच्या आधी रांधणं शिकायला हवं.

रांधण्याबद्दल सांगायला माझ्याकडे पुष्कळ आहे, कारण आमच्या खेड, आंबेगाव, जुन्नर भागाने या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलं आहे. मासवडी त्याच विचारातून आली असं मला वाटतं. बेसन तिखट-हळद-हिंग घालून घट्ट शिजवायचं, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं. त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, खसखस, लसूण, परतलेला कांदा आणि कोथिंबीर यांचं सारण पसरायचं. फडक्याच्याच आधाराने त्याची गुंडाळी करून वरून चेपायची आणि आडव्या वड्या कापायच्या. वडीचा आकार मासळीच्या तुकड्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात. सोबत काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा आणि बाजरीची भाकरी. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी तीच भूक दुसऱ्या वाटेने भागवते: हाताने वळलेली, लसूण-मिरचीच्या रश्श्यात रटरट शिजलेली.

हे पदार्थ मटणाची नक्कल करत नाहीत. मांस सोडलेल्या माणसाला रविवारी दुपारी नक्की कशाची आठवण येते, ते त्यांना कळलेलं आहे. त्याला भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण हवं असतं. भाकरी कुस्करून वरपायचा रस्सा, कपाळावर घाम आणणारं तिखट, पंगतीला चारजण, आणि सकाळपासून घरभर भरून राहिलेला वास हवा असतो. हे सगळं मिळालं की मांसाची उणीव पुष्कळशी भरून निघते. हे मी वर्षानुवर्षं अनुभवतो आहे. इथल्या दुकानांत वाटाणा-सोयाची बनावट सॉसेजं रांगेने मांडलेली असतात. अडीअडचणीला घ्यावीत, त्यात वाईट काही नाही. पण ती जर्मन माणसाची भूक ओळखून केलेली आहेत. आपली भूक वेगळी आहे.

प्रथिनांचा प्रश्न प्रत्येकजण विचारतो आणि तो विचारायलाच हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. पाव किलो पिठाच्या भाकऱ्या किंवा पोळ्या, ६० ग्रॅम डाळीची आमटी, तेवढ्याच मटकीची उसळ, मूठभर शेंगदाण्यांची चटणी आणि वाडगाभर दही एवढ्यात हिशोब पुरा होऊन वर उरतं. फक्त उसळ-आमटी रोज हवी. भात, बटाट्याची भाजी आणि लोणचं हे जेवण शाकाहारी असलं तरी पोषणाला अपुरं आहे. इथे मसूर आणि काबुली चणे कुठल्याही दुकानात मिळतात, आणि क्वार्क नावाचं चक्क्यासारखं दुधाचं घट्ट दही १०० ग्रॅमला १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं देतं. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळावं आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये.

बी-१२ मात्र कुठल्याच डाळीत-भाजीत नाही, आणि त्याबाबत श्रद्धा उपयोगाची नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोनतृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघालं, आणि शाकाहाऱ्यांना तो धोका कितीतरी जास्त होता. माझंही कमी निघालं होतं. पायाला मुंग्या यायच्या आणि मी त्याचा दोष खुर्चीवर ढकलत होतो. दूध-दही पुरेसं घ्या, वर्षातून एकदा रक्त तपासा, डॉक्टर सांगतील ती गोळी घ्या. गोळी घेतल्याने व्रताला काही उणेपणा येत नाही.

आणखी एक. आपण अगदीच नवशिके नाही. आपल्यातल्या अनेक मांसाहारी घरांत सोमवार किंवा गुरुवार, आणि शनिवार पाळतात. आठवड्याचे दोन दिवस धरले तरी वर्षाला १०४ झाले. त्यात अख्खा श्रावण, नवरात्र, एकादशा आणि संकष्ट्या मिळवा. दोनदा मोजलेले दिवस वगळूनही आकडा दीडशेच्या पुढे जातो. इतके दिवस आपल्या आयांनी बिनमटणाचं रांधलं आणि आपण तक्रार न करता जेवलो. तेव्हा सुरुवात एक जानेवारीला करू नका. श्रावणात करा. घरात त्या महिन्याची सवय आधीच असते. तो महिना संपला की पाळायच्या वारांत एकेक वार वाढवत जा.

"मटण तर आपल्या मातीतलं आहे," असं मला मंडळातच ऐकवलं गेलं आहे. आहेच. पण किती? माझ्या लहानपणी मटण जत्रेला, आखाडात आणि पाहुणा आला तर व्हायचं. गावच्या जमिनी कंपन्यांना गेल्या, हातात पैसा आला, हमरस्त्याला चुलीवरच्या मटणाच्या खानावळी लागल्या, आणि मग ते आठवड्याला दोनदा होऊ लागलं. हे प्रमाण माझ्या डोळ्यांदेखत वाढलं आहे, त्याला परंपरा म्हणायला मी तयार नाही. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रौढांना सांगितलं की आठवड्याला ३०० ग्रॅमपेक्षा जास्त मांस खाऊ नका. आमच्या आजीने ते ऐकून विचारलं असतं की दर आठवड्याला कशाला?

याच्या उलट बाजूला जे उभे आहेत त्यांच्याशीही माझं भांडण आहे. शाकाहार म्हणजे सोवळेपणा, मांस खाणारा खालचा, त्याला घर भाड्याने द्यायचं नाही, असं मानणाऱ्यांनी माळेचं नाव घेऊ नये. ही माळ कुणबी, माळी, कुंभार, शिंपी, महार अशा सगळ्यांनी घातली. चोखोबांसारख्या भक्ताला पंढरपूरच्या मंदिरात जाऊ दिलं नाही. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे, आणि ते मंदिर दलितांना खुलं व्हायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. ताट शुद्ध असून मन किती कोतं राहू शकतं हे आपल्या इतिहासात लिहिलेलं आहे. शाळेच्या पोषण आहारात अंडं असावं का, या वादातही मी अंड्याच्या बाजूचा आहे. ज्या मुलाच्या घरी दूधही नाही त्याच्या ताटातून अंडं काढण्याचा हक्क माझ्या व्रताला नाही.

सक्तीने काय होतं तेही आपण जवळून पाहिलं. वोल्फ्सबुर्गला फोक्सवॅगन १९७३ पासून स्वतःची सॉसेज, करीवुर्स्ट, बनवते. २०२१ मध्ये मुख्यालयाच्या एका कँटीनमधून मांस काढायचं ठरलं, तेव्हा माजी चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी जाहीर विरोध केला. २०२३ मध्ये करीवुर्स्ट त्या कँटीनमध्ये परत आली. पर्यावरणाचा हेतू चांगला होता. पण खाणाऱ्याने स्वतःच्या हाताने गळ्यात काही घातलेलं नव्हतं. त्याच कंपनीच्या निघोज्याच्या कारखान्याच्या अवतीभवती अशी माणसं आहेत की ज्यांनी तीस-तीस वर्षं माळ सांभाळली आणि त्यांना कुणाचा हुकूम नव्हता.

मी दुसऱ्यांदा सुरुवात केली ती अण्णा गेल्यानंतर. त्यांची माळ आईने मला दिली नाही. "ती त्यांची," म्हणाली, "तुला घालायची तर तू आळंदीला ये." मी अजून घातलेली नाही, मी तेवढा देवभोळा नाही. पण या वेळी बायकोला सांगितलं, कामावरच्या टेबलाला सांगितलं, इथल्या तीन मित्रांना बरोबर घेतलं. कुणाच्या घरी काय शिजतंय ते आम्ही एकमेकांना कळवतो. एकाने मोडलं तर उरलेले त्याला बोल लावत नाहीत, पुढच्या रविवारी जेवायला बोलावतात. पाकिटावरचं वाचायला आम्ही एकमेकांकडून शिकलो: अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, मुलांच्या रबरी गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं.

मंडळाने हे एक पाऊल पुढे न्यावं अशी माझी मागणी आहे. उन्हाळ्यातल्या बार्बेक्यूला शाकाहाऱ्यांच्या वाट्याला मका आणि पनीरचे चार तुकडे येतात. तिथे मासवडीचा रस्सा चुलीवर ठेवा आणि तो सगळ्यांना वाढा. ज्यांना सोडायचं आहे त्यांची नावं एका वहीत लिहा, म्हणजे त्यांना दर पंगतीत नव्याने सांगावं लागणार नाही. आणि त्या तरुण जोडप्याला, तसंच ज्यांना यायचंय त्या सर्वांना, कार्तिक वद्य त्रयोदशीनंतरच्या रविवारी सकाळी दहाला आमच्या घरी बोलावतो आहे. बेसन, तीळ, खोबरं माझ्याकडे आहे. काळा मसाला आईने पाठवला आहे. येताना प्रत्येकाने एक जुनं सुती फडकं आणावं. ते ओलं करून घट्ट पिळलेलं लागतं, नाहीतर वडी चिकटते.